जुना संगणक वेगवान करताना: आधी काय, मग काय

घरातला संगणक मंदावला की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एखादे ‘क्लीनर’ उतरवून घेतात, नाहीतर रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, वाढवून आणतात. चार दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच रडगाणे, आणि शेवटी ‘आता नवाच घ्यावा लागणार’ असे ठरते. ओळखीच्यांचे असे बरेच संगणक मी उघडून पाहिले आहेत. त्यांतल्या बहुतेकांचा प्रोसेसर ठणठणीत होता, थकली होती ती हार्ड डिस्क. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार.

पुढचे टप्पे विंडोज १० किंवा ११ चालणाऱ्या, साधारण सहा ते बारा वर्षे जुन्या डेस्कटॉप आणि लॅपटॉपसाठी आहेत. टप्प्यांचा क्रम मोडू नका. नुकसान बहुतेक वेळा क्रम मोडल्यानेच होते.

## तयारी

एक वही, सगळा डेटा मावेल एवढी बाहेरची हार्ड डिस्क, किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह, नेमक्या मापाचा स्क्रू ड्रायव्हर आणि फोटो काढायला मोबाइल एवढे हाताशी ठेवा. मोकळा दिवसही हवा. संध्याकाळी सुरू करून सकाळी त्याच संगणकावर काम करायचे असेल, तर आज हात लावू नका.

## टप्पा १: घोडे कुठे पेंड खाते ते शोधा

१. आधी संगणक रीस्टार्ट करा. शट डाउन आणि रीस्टार्ट यांत फरक आहे. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन केल्यावर प्रणालीचा गाभा डिस्कवर तसाच साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. म्हणजे रोज संगणक बंद करणाऱ्यांचाही गाभा महिनोन् महिने ताजा होत नाही. रीस्टार्ट करण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये (तो कसा उघडायचा ते तिसऱ्या पायरीत) सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, पानावर ‘अप टाइम’ पाहा. तिथे वीस-पंचवीस दिवस दिसले तर कारण हेच. कधीकधी एका रीस्टार्टने निम्मी तक्रार मिटते.

२. बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडून त्यात टाइप करता येईपर्यंत किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा आणि वहीत लिहा. नुसता डेस्कटॉप दिसणे म्हणजे संगणक सुरू होणे नव्हे.

३. पाच मिनिटे थांबा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’वर जा आणि रोजचे काम सुरू करा. संगणक अडखळेल त्या क्षणी सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे आकडे टिपा. असे तीन-चार वेळा करा.

आता आकडे वाचू.

डिस्क १०० टक्क्यांवर आहे, पण वाचन-लेखनाचा वेग सेकंदाला एक-दोन एमबीच दिसतो? मग जुनी फिरती हार्ड डिस्क दमली आहे. तिच्यातली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि प्रत्येक तुकड्यासाठी वाचणारे टोक सरकून नेमक्या जागी यावे लागते. त्यात दर वेळी दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. एकच मोठी फाइल ती झरझर वाचते, पण विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली विखरून वाचाव्या लागतात आणि तिथे ती सेकंदाला शंभराच्या आसपासच फेऱ्या मारू शकते. प्रोसेसर तोवर हात जोडून बसलेला असतो.

मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर राहते? मग रॅम अपुरी आहे. इथेच एक चकवा आहे. रॅम भरली की विंडोज त्यातला काही मजकूर डिस्कवर ठेवू लागते, त्यामुळे डिस्कही १०० टक्के दिसते. दोन्ही आकडे लाल दिसले की लोक गोंधळतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. सगळे बंद करून फक्त एक प्रोग्राम उघडा. मेमरी निम्मी रिकामी असूनही डिस्क १०० टक्के राहिली तर दोष डिस्कचा. मेमरी भरल्यावरच डिस्क वर गेली तर दोष रॅमचा.

सीपीयू १०० टक्के असेल तर ‘प्रोसेसेस’मध्ये कोणाचे नाव वर आहे ते पाहा. बहुधा अँटिव्हायरसची तपासणी, अपडेट किंवा ब्राउझरची एखादी टॅब सापडेल. सीपीयूच्या पानावरचा वेगही पाहा. काम जोरात चालू असताना तो ‘बेस स्पीड’च्या खूप खाली अडकला असेल, तर प्रोसेसर तापून स्वतःला आवरतो आहे असा संशय घ्या. लॅपटॉपवर ‘पॉवर सेव्हर’ निवडला असेल तरीही असे होते, म्हणून ते आधी पाहा.

तिन्ही आकडे कमी आहेत आणि फक्त वेबसाइट हळू उघडतात? मग दोष इंटरनेटचा आहे. संगणकावर खर्च करू नका.

तपासा: वहीत सुरू होण्याचा वेळ, तीन आकडे आणि तुमचा निष्कर्ष लिहिला का? तो लिहिल्याशिवाय काहीही विकत आणू नका.

## टप्पा २: बॅकअप आणि डिस्कची तब्येत

हा टप्पा सगळ्यात जास्त टाळला जातो, आणि भरून न येणारे नुकसान याच टप्प्यावर होते.

१. आधी बॅकअप घ्या. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स सगळ्यांना आठवतात. राहून जातात त्या गोष्टी अशा: डेस्कटॉपवर पडलेल्या फाइली, डाउनलोड्स, ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड, हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, ईमेल प्रोग्रामची साठवण, वेगळे बसवलेले फाँट आणि सॉफ्टवेअरच्या परवान्यांचे क्रमांक.

२. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की शोधून कागदावर उतरवा. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ मांडणीत) बदल केल्यावर किंवा मदरबोर्डला हात लावल्यावर ती मागितली जाऊ शकते, आणि ती नसेल तर डेटा कोणालाही काढून देता येत नाही.

३. बॅकअपमधल्या पाच-सहा फाइली उघडून पाहा. शक्यतो दुसऱ्या संगणकावर. फाइलचे नाव दिसले म्हणजे फाइल शाबूत आहे असे नसते.

४. आता क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन चालवा. ते डिस्कने स्वतःच ठेवलेल्या नोंदी दाखवते. ‘गुड’ असेल तर पुढे जा. ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ असेल तर ०५, सी५ आणि सी६ या ओळी पाहा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदलून घेतलेले भाग, सी५ म्हणजे वाचताना अडलेले आणि निर्णय बाकी असलेले, सी६ म्हणजे वाचताच न आलेले. सी५चा आकडा शून्याच्या वर असेल आणि दर काही दिवसांनी वाढत असेल, तर डिस्क वाटेला लागली आहे. सी७ एकटाच वाढत असेल तर बहुधा डेटा केबल सैल किंवा खराब असते. ती बदलून पाहा.

सावधान: डिस्क ‘कॉशन’ दाखवत असेल तर डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइली एकत्र आणणे), चेक डिस्क (डिस्कमधले दोष शोधणे), व्हायरसची पूर्ण तपासणी यांपैकी काहीही करू नका. या तिन्ही गोष्टी डिस्कला तासन् तास राबवतात. दुबळ्या डिस्कच्या अंगात उरलेले बळ फक्त तुमच्या फाइली बाहेर काढण्यासाठी वापरा, आणि त्यातही सर्वांत मोलाच्या आधी.

मी इथेच एकदा चुकलो आहे. एका नातेवाइकांचा संगणक फार हळू चालत होता. डिस्कच्या नोंदी न पाहताच मी रात्री डीफ्रॅग लावून झोपलो. सकाळी डिस्क ओळखलीच जात नव्हती. त्यात त्यांच्या मुलीच्या बालपणीचे सगळे फोटो होते आणि त्यांची दुसरी प्रत नव्हती. ते फोटो परत मिळाले नाहीत. तेव्हापासून बॅकअपची खात्री झाल्याशिवाय मी कोणाच्याही संगणकाला हात लावत नाही.

## टप्पा ३: धूळ आणि उष्णता

एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत साधनाने तापमान पाहा. संगणक निवांत असताना ३५ ते ५० अंश आणि कामात ८० पर्यंत असेल तर ठीक. ९५ ते १०० अंशांकडे गेले की प्रोसेसर जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो.

१. संगणक बंद करा, वायर भिंतीतून काढा, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. लॅपटॉप उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवा.

२. कॅबिनेट उघडल्यावर कशालाही हात लावण्याआधी प्रत्येक केबलचा फोटो काढा.

३. दाबून भरलेल्या हवेच्या डब्याने किंवा ब्लोअरने धूळ उडवा. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोताने तो भलत्याच वेगाने फिरून खराब होतो. डबा उभा धरा. आडवा धरल्यास द्रव बाहेर येतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या तोंडाशी स्थिर वीज तयार होते.

४. धूळ काढूनही तापमान उतरले नाही, तर प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी थर्मल पेस्ट वाळली असणार. कूलर काढण्याआधी संगणक काही मिनिटे चालवा म्हणजे पेस्ट मऊ होईल. मग तो बंद करून, वायर काढून कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. थेट वर ओढलात तर काही एएमडी प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतात आणि पिना वाकतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि वाटाण्याएवढा नवा ठिपका ठेवा. जास्त पेस्ट म्हणजे जास्त थंडावा, असे नाही.

५. घड्याळ वारंवार मागे जात असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी बदला. त्याआधी बायॉसच्या पानांचे फोटो घ्या, कारण बॅटरी काढल्यावर तिथल्या मांडण्या मूळ स्थितीला जाऊ शकतात आणि विंडोज सुरूच होत नाही.

सावधान: वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढी वीज राहू शकते.

## टप्पा ४: सॉफ्टवेअरचे ओझे

१. टास्क मॅनेजरमधल्या ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’मध्ये जा. गप्पांची आणि मीटिंगची अ‍ॅप, गेमचे लाँचर, ‘अपडेटर’ अशी नावे असलेले प्रोग्राम बंद करा. आवाज, टचपॅड आणि सुरक्षेचे तसेच ठेवा. इथे ‘डिसेबल’ केल्याने प्रोग्राम जात नाही, फक्त आपोआप सुरू होत नाही. एका वेळी चार-पाच बंद करा आणि रीस्टार्ट करा. काही बिघडले तर कशामुळे ते कळेल.

२. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. प्रत्येक फाइल उघडताना दोघेही तिची झडती घेतात. घरगुती वापराला विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरतो. दुसरा काढला की तो आपोआप कामाला लागतो.

३. सी ड्राइव्हवर १५ ते २० टक्के जागा मोकळी ठेवा. ‘डिस्क क्लीनअप’ वापरताना प्रत्येक ओळ वाचा. विंडोज १०च्या काही आवृत्त्यांत त्या यादीत डाउनलोड्स फोल्डरही असतो, आणि सगळ्या खुणा करून ‘ओके’ दाबणाऱ्यांची कागदपत्रे तिथेच जातात.

४. ब्राउझरमधली न वापरलेली एक्स्टेंशन काढा आणि मेमरी सेव्हर चालू करा. कॅशे मात्र रोज पुसू नका. कॅशे वेगासाठीच असते, ती पुसली की प्रत्येक पान नव्याने उतरवावे लागते.

दृश्य परिणाम बंद करण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. करून पाहायला हरकत नाही, फरक थोडाच पडतो.

आता काय करू नये ते. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या मांडण्यांची नोंदवही, साफ करणारे क्लीनर वापरू नका. रजिस्ट्रीतल्या काही जुन्या नोंदी गेल्याने वेग वाढत नाही, चुकीची गेली तर प्रोग्राम मात्र बंद पडतो. ‘रॅम बूस्टर’ तर उलटेच काम करतो. विंडोज मोकळी रॅम जाणूनबुजून पुढे लागणाऱ्या फाइलींसाठी वापरते. बूस्टर ती बळजबरीने रिकामी करतो आणि तोच मजकूर पुन्हा संथ डिस्कवरून वाचावा लागतो. पेज फाइल, म्हणजे रॅम भरल्यावर डिस्कवर वापरली जाणारी जागा, बंद करायच्या भानगडीतही पडू नका, रॅम भरल्यावर प्रोग्राम न सांगता कोसळतात.

तपासा: पुन्हा वेळ मोजा आणि वहीत जुन्या आकड्याशेजारी लिहा. समाधान झाले तर इथेच थांबा.

## टप्पा ५: एसएसडी

पहिल्या टप्प्यात दोष डिस्कचा निघाला असेल, तर जुन्या संगणकाला सर्वांत मोठा फायदा देणारा बदल हाच. एसएसडी म्हणजे चिपवर डेटा साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारे काही नसते. तुकडा शोधायला तिला साधारण एक दशांश मिलिसेकंद लागतो. मदरबोर्डवरची डिस्कची जोडणी जुन्या सॅटा-२ प्रकारची असली, म्हणजे कमाल वेग सेकंदाला ३०० एमबीच्या आतच राहणार असला, तरी खरा फायदा या शोधण्याच्या वेळेत आहे, म्हणून तो मिळतोच. ‘माझा बोर्ड जुना आहे, उपयोग काय’ हा समज सोडा.

कोणती घ्यायची: बहुतेक जुन्या संगणकांत अडीच इंची सॅटा एसएसडी निर्धास्त बसते. एम.२ खाच (छोट्या कार्डासारख्या एसएसडीची) दिसली म्हणून लगेच एनव्हीएमई, म्हणजे सॅटाहून वेगळ्या, वेगवान जातीची एसएसडी, आणू नका. काही खाचा फक्त सॅटा प्रकारच्या एम.२ कार्डासाठी असतात, आणि बऱ्याच जुन्या बोर्डांना एनव्हीएमईवरून विंडोज सुरू करता येत नाही. मॉडेलची पुस्तिका पाहून ठरवा.

नवे विंडोज की क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत? माझे मत नव्याच्या बाजूने आहे. वर्षानुवर्षांचा कचरा क्लोनसोबत येतो. डिस्क ‘कॉशन’ दाखवत असेल तर क्लोनचा विचारच नको. फाइली काढा आणि नवे विंडोज टाका. बोर्ड तोच असेल आणि विंडोज आधी सक्रिय केलेले असेल, तर तीच आवृत्ती टाकल्यावर परवाना सहसा इंटरनेटवरून आपोआप ओळखला जातो. परत न मिळणारे एखादे जुने सॉफ्टवेअर असेल तरच क्लोन करा.

क्लोनचा क्रम:

१. जुन्या डिस्कवरचा वापरलेला भाग नव्या एसएसडीच्या तीन-चतुर्थांशापेक्षा कमी आणा.

२. बिटलॉकर काढून टाका आणि कुलूप पूर्ण निघेपर्यंत थांबा.

३. बायॉसमध्ये सॅटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, पाहा. तो ‘एएचसीआय’ हवा. ‘आयडीई’ असेल तर सरळ बदलू नका, विंडोज निळा पडदा दाखवून अडेल. आधी विंडोजमध्ये ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मधून सेफ बूटची खूण करा, रीस्टार्ट करताना बायॉसमध्ये मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या, मग खूण काढा. खात्याचा खरा पासवर्ड माहीत हवा, कारण सेफ मोडमध्ये पिन चालेलच असे नाही.

४. एसएसडी मोकळ्या सॅटा पोर्टला किंवा यूएसबी अडॅप्टरने जोडा आणि क्लोन सुरू करा. ‘कुठून’ आणि ‘कुठे’ हे दोनदा वाचा. उलटे निवडलेत तर रिकामी एसएसडी तुमच्या डेटावर उमटते.

५. संगणक बंद करा. जुनी डिस्क पूर्ण सोडवा. एसएसडी एकटीच पहिल्या पोर्टवर लावून सुरू करा.

पाचव्या पायरीला लोक घाई करतात. दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवल्या की संगणक मुकाट्याने जुनीवरूनच सुरू होतो आणि ‘एसएसडी टाकूनही फरक नाही’ अशी तक्रार येते. शिवाय क्लोनमुळे दोन्हींची ओळख-खूण एकच असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन टाकते.

तपासा: ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’मध्ये सी ड्राइव्हपुढे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ लिहिलेले हवे. तिथले वेळापत्रक चालूच ठेवा. एसएसडीसाठी विंडोज तिथून ट्रिम देते, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचे तिला कळवते. बाहेरचे डीफ्रॅग सॉफ्टवेअर मात्र तिच्यावर चालवू नका.

## टप्पा ६: रॅम

एसएसडीनंतर पुन्हा मेमरीचा आकडा पाहा आणि मगच ठरवा. ४ जीबी असेल तर ८ जीबी करा, फरक जाणवेल. ८ वरून १६ करणे अनेक टॅब किंवा व्हिडिओचे काम असेल तरच.

घेण्याआधी ‘सिस्टिम’मध्ये विंडोज ३२ बिट की ६४ बिट ते पाहा. ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम वायाच जाते. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात. बसत नसेल तर जोर लावू नका, ती चुकीची आहे. लॅपटॉपच्या डीडीआर३वर ‘एल’ असेल तर ती १.३५ व्होल्टवर चालते, तिथे १.५ व्होल्टवालीच पट्टी आणली तर संगणक सुरू न होण्याची शक्यता असते. काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डवरच डाग दिलेली असते, ती वाढत नाही.

बसवताना कॅबिनेटच्या धातूला आधी हात लावा. दोन्ही टोकांच्या खिट्या ‘टक्’ वाजेपर्यंत सरळ दाबा. पडदा काळाच राहिला तर घाबरू नका, दहापैकी नऊ वेळा पट्टी अर्धवट बसलेली असते. मग ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ एकदा पूर्ण चालवा. सदोष रॅम संगणक बंद पाडण्याआधी फाइली गुपचूप बिघडवते.

## टप्पा ७: विंडोज राहू द्यायचे का?

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (फक्त खात्रीची प्रणाली सुरू होऊ देणारी सोय), किमान ४ जीबी रॅम आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये ती यादी बहुतांशी आठव्या पिढीपासून सुरू होते. अटी चुकवून ते बसवण्याच्या युक्त्या फिरतात, पण अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळत राहतील याची हमी नसते. बँकेचे व्यवहार त्यावर होत असतील तर मी तो मार्ग सुचवणार नाही.

मुख्य वापर ब्राउझर, पत्रे आणि व्हिडिओ एवढाच असेल, तर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पाहा. ती २ जीबी रॅमवर चालते, ४ असेल तर बरे. पेन ड्राइव्हवरून सुरू करून डिस्कला न शिवता वापरून पाहता येते. त्या अवस्थेत वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि तुमच्या लिपीचे टायपिंग हे चारही तपासा. ‘इन्स्टॉल’चे बटण त्यानंतर.

## टप्पा ८: पुन्हा मोजा, आणि जुनी डिस्क

पहिल्या दिवशी मोजला तसाच वेळ पुन्हा मोजा. एसएसडीनंतरही सुरू व्हायला मिनिटापेक्षा जास्त लागत असेल, तर संगणक अजून जुन्या डिस्कवरून सुरू होतो का ते आधी पाहा, मग सॅटा मोड, मग स्टार्टअपची यादी.

जुन्या डिस्कवर तारीख लिहून ती किमान महिनाभर जशीच्या तशी बाजूला ठेवा. राहून गेलेली फाइल हटकून तिसऱ्या आठवड्यात आठवते. डिस्क ‘गुड’ असेल तर नंतर यूएसबी खोक्यात घालून बॅकअपची दुसरी प्रत म्हणून वापरा. कोणाला देणार असाल तर फॉर्मॅट करताना ‘क्विक’ची खूण काढा. क्विक फॉर्मॅट फक्त यादी पुसतो, फाइली तिथेच राहतात. पूर्ण फॉर्मॅटला काही तास लागतील, ते लागू द्या.